व्याख्यानानंतरचा तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'बहिःशाल' हा शब्द तुमच्यापैकी साठी उलटलेल्यांना आठवत असेल. तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं : विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे व्याख्यान, वक्ते अमुक, विषय तमुक, सर्वांना मुक्त प्रवेश. शाळेबाहेरचं ते बहिःशाल. शब्द संस्कृत वळणाचा, उच्चारायला जरा अवघड, पण अर्थानं चोख. पुणे विद्यापीठाची डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला अशीच गावोगाव फिरली. जयकर हे त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मुंबई विद्यापीठातही बहिःशाल विभाग होता. 

मी इतिहासाचा शिक्षक. अशा व्याख्यानांसाठी एसटीनं पुष्कळ हिंडलो. व्याख्यान कॉलेजात असलं तरी पुढच्या तीन-चार रांगांत कॉलेजची मुलं नसायचीच. तिथं निवृत्त मास्तर, पोस्टातले कारकून, एखादे वकील, दुकान मुलाच्या हवाली करून आलेले व्यापारी. बायका उशिरा यायच्या, मागं बसायच्या आणि शेवटपर्यंत थांबायच्या. योजना कुणासाठी आखली होती हा भाग वेगळा. तिचा उपयोग करून घेतला तो या मंडळींनी. म्हातारपणी माणसाला विद्यापीठाकडून काय हवं असतं, या प्रश्नाचा इतिहास शोधावासा वाटला तो या पुढच्या रांगांमुळं.

हा शोध नेतो तो केंब्रिजला, जेम्स स्टुअर्ट नावाच्या तरुणाकडं. १८४३ चा जन्म, मूळचा स्कॉटलंडचा, ट्रिनिटी कॉलेजचा फेलो. १८६७ साली, म्हणजे चोविसाव्या वर्षी, त्याला उत्तर इंग्लंडमधल्या स्त्रियांच्या संघटनांनी बोलावलं. लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफील्ड या शहरांत या संघटना होत्या. अ‍ॅन क्लफ आणि जोसेफिन बटलर ही त्या चळवळीतली दोन मोठी नावं. स्त्रियांना उच्च शिक्षण मिळावं ही त्यांची मागणी. केंब्रिजची पूर्ण पदवी स्त्रियांना मिळायला पुढं १९४८ साल उजाडलं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या मागणीचं वजन कळतं. त्यांनी स्टुअर्टला विषय सुचवला तो शिकवण्याच्या पद्धतींचा. तो म्हणाला, शिकवावं कसं हे सांगण्यापेक्षा मी काहीतरी शिकवूनच दाखवतो. त्यानं खगोलशास्त्राचा इतिहास निवडला आणि दर आठवड्याला आगगाडीनं या चारही शहरांची फेरी सुरू केली.

इथं एक अडचण उभी राहिली. व्याख्यान झाल्यावर समज तपासायची तर प्रश्न विचारायला हवेत. पण एका तरुण पुरुषानं तरुण स्त्रियांना प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उभं राहून तोंडी उत्तरं द्यायची, हे तेव्हाच्या सभ्यतेत बसणारं नव्हतं. स्टुअर्टनं तोड काढली. प्रश्न छापून वाटले, उत्तरं लिहून मागवली आणि तपासून परत केली. व्याख्यानाची रूपरेषाही छापून द्यायला सुरुवात केली, म्हणजे ऐकणारीला टिपणं काढायला आधार मिळावा. संकोचातून निघालेली ही युक्ती पुढं त्या सगळ्या चळवळीचा कणा झाली. आपल्याकडच्या पत्रद्वारा शिक्षणाची दूरची आजी म्हणायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट रॉचडेलची. सहकाराचा अभ्यास केलेल्या आपल्या वाचकांना हे गाव ठाऊक असणार. १८४४ साली तिथल्या विणकरांनी आणि इतर कारागिरांनी काढलेलं दुकान म्हणजे जगातल्या सहकारी भांडारांचं कुलदैवत. या रॉचडेलच्या सहकारी संस्थेत स्टुअर्ट व्याख्यानं देत असे. एके दिवशी त्याला निघायची घाई होती. भिंतीवर टांगलेल्या आकृत्या उतरवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून सभागृहाच्या रखवालदाराला त्यानं सांगितलं, राहू देत, पुढच्या आठवड्यात येईन तेव्हा बघू. पुढच्या आठवड्यात रखवालदारानं त्याला सांगितलं की आकृत्या ठेवल्यात ते फार बरं केलंत. मधल्या दिवसांत सभासदांची बैठक झाली, ते त्या चित्रांवरून वाद घालत होते, आता त्यांना खूप प्रश्न विचारायचे आहेत आणि त्यासाठी ते व्याख्यानाआधी लवकर येणार आहेत. त्या दिवसापासून व्याख्यानाला जोडून चर्चेचा वर्ग घेण्याचा प्रघात पडला. स्टुअर्टनं स्वतःच आपल्या आठवणींत हे सांगितलं आहे.

मला या गोष्टीत रखवालदार फार आवडतो. पण त्याहून महत्त्वाचं असं की, आकृत्या भिंतीवर राहिल्या त्या वक्ता परत येणार होता म्हणून. एका संध्याकाळी येऊन गेलेल्या पाहुण्याच्या आकृत्या कोण कशाला जपून ठेवील? प्रश्नाला मुरायला आठवडा लागतो, आणि आठवड्यानं तो विचारायला समोर तोच माणूस लागतो.

१८७३ साली केंब्रिजनं ही योजना अधिकृतपणे हाती घेतली. डर्बी, लेस्टर आणि नॉटिंगहॅम इथं पहिले अभ्यासक्रम झाले. लंडनची संस्था १८७६ ची, ऑक्सफर्डचं काम १८७८ पासून. गावकऱ्यांची भूक इतकी होती की काही ठिकाणी व्याख्यानांतूनच महाविद्यालयं उभी राहिली. नॉटिंगहॅमचं कॉलेज १८८१ साली सुरू झालं, रेडिंगचं १८९२ साली. आज दोन्ही विद्यापीठं आहेत. ऑक्सफर्डच्या या विभागाचा कारभार १८८५ पासून मायकेल सॅडलर नावाच्या गृहस्थांकडे होता. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी जो आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष तेच. भारतातल्या उच्च शिक्षणाच्या इतिहासात 'सॅडलर आयोग' आपण पाठ करतो, पण माणूस मूळचा बहिःशालवाला, हे पुस्तकात नसतं.

उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणींतही ही व्याख्यानं पोचली. चळवळीचे एक चिटणीस रॉबर्ट्स यांनी १८९१ च्या आपल्या पुस्तकात दोन खाणकामगार भावांची हकीकत दिली आहे. व्याख्यानाचं ठिकाण त्यांच्या गावापासून पाच मैलांवर. जाताना गाडी मिळे, परतीला मिळत नसे. तीन महिने दर आठवड्याला ते अंधारातून, वाईट रस्त्यांनी चालत घरी गेले. एकदा वादळात वाट चुकून कमरेइतक्या पाण्यात सापडले. दिवसभर जमिनीखाली राबलेली ही माणसं. त्यांना पदवी मिळणार नव्हती आणि पगारही वाढणार नव्हता.

अर्थात सगळीकडं असं नव्हतं. व्याख्यात्याचं मानधन, सभागृहाचं भाडं, सगळं स्थानिक समितीनं तिकिटं विकून उभं करायचं. म्हणजे ज्याला परवडेल तो येणार. दुपारची व्याख्यानं हळूहळू मध्यमवर्गीय घरांतल्या स्त्रियांची झाली, आणि कामगार संध्याकाळच्या व्याख्यानांतूनही गळू लागले. विषयही हलके होत गेले. हे पाहून अस्वस्थ झाला तो अल्बर्ट मॅन्सब्रिज, सहकारी चळवळीत नोकरी करणारा एक साधा माणूस. १९०३ साली त्यानं आणि त्याची पत्नी फ्रान्सिस हिनं कामगारांच्या उच्च शिक्षणासाठी संस्था काढली, आणि तिचा पहिला निधी म्हणून फ्रान्सिसनं घरखर्चातले अडीच शिलिंग काढून दिले. तीच पुढची वर्कर्स एज्युकेशनल असोसिएशन.

या संस्थेनं विद्यापीठाशी बोलणी करून व्याख्यानाची घडीच बदलली. वर्गात तीसपेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत. वर्ग तीन वर्षांचा, दर वर्षी चोवीस बैठका, प्रत्येक बैठक दोन तासांची. पहिला तास शिक्षकाचा, दुसरा वर्गाचा. पंधरा दिवसांनी प्रत्येकानं निबंध लिहून आणायचा. जानेवारी १९०८ मध्ये असे पहिले वर्ग सुरू झाले ते लाँगटन या कुंभारकामाच्या गावी, आणि पुन्हा आपल्या रॉचडेलला. दोन्हीकडं शिक्षक एकच, आर. एच. टॉनी. मोठा अर्थेतिहासकार. त्याचा जन्म कलकत्त्याचा, १८८० चा. वडील तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्राचार्य आणि 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतरकार. सोमदेवाच्या कथांचा मजकूर ज्या घरात ढवळला जात होता त्या घरातला मुलगा पुढं विणकरांना अर्थशास्त्र शिकवू लागला.

शिकवू लागला असं आपण म्हणतो. टॉनीचं स्वतःचं म्हणणं जरा वेगळं होतं. सोळाव्या शतकातल्या शेतजमिनींच्या प्रश्नावरचं त्याचं पुस्तक १९१२ साली आलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यानं विणकर, कुंभार, खाणकामगार आणि यंत्रकारागीर यांचं ऋण मानलं आहे. पुस्तकांतून जे सहज हाती लागत नाही ते आपण त्यांच्याकडून शिकलो, असा त्याचा आशय. प्रस्तावनांतून आभार मानण्याची रीत जुनीच आहे, पण हे आभार मला वरवरचे वाटत नाहीत. ज्यानं आयुष्यभर माग चालवला त्याला मजुरीविषयी प्रश्न कसा विचारायचा हे प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. प्रौढांना शिकवण्याची गंमत इथंच आहे. समोरच्याचं आयुष्य हेही तिथं एक पुस्तक असतं.

आता आपल्याकडं येऊ. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. केंब्रिजच्या निर्णयानंतर दोनच वर्षांनी. तारखा इतक्या जवळ आल्या की इतिहासवाल्याला नातं जोडायचा मोह होतो, पण तो आवरावा हे बरं. आपल्या व्याख्यानमालेची मुळं आपल्याच मातीत आहेत. पुराण, कीर्तन, प्रवचन यांनी कान तयार झालेला समाज हा. नवविधा भक्तीत पहिली पायरी श्रवणाची. बुवा सांगताहेत आणि तीनशे माणसं निःशब्द ऐकताहेत, ही आपली शतकांची सवय. त्या सवयीवर नव्या विचारांचं कलम रानड्यांच्या पिढीनं केलं. ते इतकं जोमानं वाढलं की महाराष्ट्रात व्याख्यानमाला नाही असं मोठं गाव शोधावं लागेल.

पण त्या कलमाबरोबर एक गोष्ट राहून गेली. कीर्तनात प्रश्न नसतो. बुवा आणि श्रोते यांच्यात टाळी असते, हुंकार असतो, प्रश्न नसतो. व्याख्यानमालेत आज एक वक्ता, उद्या दुसरा. आज अवकाशविज्ञान, उद्या मधुमेह, परवा शिवकालीन दुर्ग. भिंतीवरच्या आकृत्यांना इथं थांबायला जागाच नाही. एका तालुक्याच्या गावी माझं भाषण संपल्यावर मागून एक आजोबा उठले. त्यांच्या हातात कागद होता, त्यावर काहीतरी लिहून आणलं होतं. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत असं जाहीर केलं. त्यानंतरचं आभारप्रदर्शन वीस मिनिटं चाललं. आजोबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. जमीन महसुलाच्या पद्धतीबद्दल मी जे बोललो होतो त्यावर त्यांचा प्रश्न होता, आणि तो चाळीस वर्षं तलाठ्याचं काम केलेल्या माणसाचा प्रश्न होता. एसटी सुटायला दहा मिनिटं राहिली होती. जेवढं बोलता आलं तेवढं बोललो.

अभ्यासाची आवड आपल्या ज्येष्ठांना नाही, असं मात्र कुणी समजू नये. ज्ञानेश्वरीचा वर्ग बघा. ओवीमागून ओवी, वर्षानुवर्षं, तीच पंधरा-वीस माणसं, आणि एका शब्दाच्या अर्थावरून तासभर वाद. साठीनंतर संस्कृतच्या परीक्षा देणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. त्याही मागं गेलं तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी काढलेली रात्रशाळा आहे, आणि शाळेचं वय उलटलेल्या स्त्रियांना शिकवणारी, १९०९ साली स्थापन झालेली पुण्याची सेवासदन संस्था आहे. अलीकडचं उदाहरण मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं. तिथं २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी घेऊन साठ-सत्तरीतल्या बायका अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांच्या फोटोंचं कौतुक झालं. मला विचाराल तर कौतुक व्हावं ते याचं की त्या दुसऱ्या दिवशीही आल्या.

ज्येष्ठांसाठी म्हणून विद्यापीठानं मुद्दाम दार उघडण्याची घटना तशी ताजी आहे. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथं पिएर वेलास या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्राध्यापकांनी 'तिसऱ्या वयाचं विद्यापीठ' सुरू केलं. बालपण-शिक्षण हे पहिलं वय, नोकरी-संसार हे दुसरं, आणि त्यानंतर प्रकृती धड असताना जी वर्षं हाती उरतात ते तिसरं. फ्रान्समध्ये या कामाला विद्यापीठाचाच आधार होता : शिक्षक तिथले, वर्गही तिथले.

कल्पना १९८१-८२ च्या सुमारास इंग्लंडात आली तेव्हा तिचं रूप पालटलं, आणि ते पालटणारा माणूस इतिहासकार होता. पीटर लॅस्लेट हे केंब्रिजचे. तरुणपणी त्यांनी बीबीसीसाठी भाषणांचे कार्यक्रम केले होते, म्हणजे नभोवाणीवरून बोलणाऱ्या माझ्यासारख्यांचे ते एका अर्थी भाऊबंद. जुन्या काळी इंग्लंडात आजी-आजोबा, काका, नातवंडं अशी भलीमोठी एकत्र कुटुंबं असत आणि कारखान्यांनी ती मोडली, हा समज लॅस्लेट यांनी खोटा ठरवला. गावोगावच्या जुन्या याद्या मोजून त्यांनी दाखवलं की सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथलं घर सरासरी पावणेपाच माणसांचंच होतं. म्हाताऱ्यांची सोय पूर्वी आपोआप होत होती आणि आता बिघडली, या हळहळीला त्यामुळं आधार राहिला नाही. खरी नवी गोष्ट दुसरीच होती. इतक्या माणसांना इतकं लांब म्हातारपण यापूर्वी कधी मिळालंच नव्हतं. आपल्याकडं स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक दहा कोटींच्या वर भरले.

लॅस्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकेल यंग आणि एरिक मिडविंटर यांच्यासह जी घडी बसवली तिच्यात विद्यापीठाची इमारत नाही, पगारी शिक्षक नाही, परीक्षा नाही, पदवीही नाही. शिकणाऱ्यानं शिकवायचं आणि शिकवणाऱ्यानं शिकायचं. निवृत्त अभियंता पुलांविषयी सांगेल आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या घरी जाऊन इटालियन शिकेल. ब्रिटनमध्ये अशी हजाराहून अधिक स्थानिक मंडळं झाली. या कल्पनेवर आक्षेप घेणारेही आहेत. यातून खाऊनपिऊन सुखी निवृत्तांचा क्लब होतो, असं ते म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही. शिवाय असं काम लोक स्वतःच फुकट करतात म्हटल्यावर सरकारला हात झटकायला सोपं जातं. २००७ साली ब्रिटिश सरकारनं जाहीर केलं की एक पदवी असलेल्यानं तेवढीच किंवा खालची पात्रता पुन्हा घ्यायला प्रवेश घेतला तर विद्यापीठाला त्याच्यासाठी अनुदान मिळणार नाही. हिशेब साधा : पुन्हा शिकून देशाला काय मिळणार? सत्तरीतल्या गणिताच्या पदवीधराला इतिहास शिकायचा असेल तर त्यानं आपल्या खिशातून शिकावं.

आपल्याकडचे हिशेब फार वेगळे आहेत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं १९७७ साली अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य ही विद्यापीठाची तिसरी बाजू मानली. कागदावर ते मोलाचं होतं. साक्षरतेच्या मोहिमांत विद्यापीठं उतरली, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं, आणि त्यानं शाळा सुटलेल्यांना पदवीची वाट दाखवली. पण साक्षरता एका टोकाला आणि रोजगाराचं कौशल्य दुसऱ्या टोकाला ठेवलं की जो साक्षरही आहे आणि ज्याला नोकरीही नको आहे, तो मध्येच राहतो. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस तोच.

लॅस्लेट यांच्याच वर्तुळातली एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. त्यांनी आणि टोनी रिग्ली यांनी १९६४ साली केंब्रिजमध्ये लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट काढला. इंग्लंडच्या तीनशे वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज काढायचा तर चर्चच्या जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी महिन्यागणिक मोजाव्या लागणार होत्या. पगारी माणसं ठेवून हे होणं शक्य नव्हतं. ते केलं गावोगावच्या हौशी मंडळींनी, आपापल्या परगण्याची वही उघडून. अशा ४०४ परगण्यांच्या मोजणीवर १९८१ साली आलेला रिग्ली आणि स्कोफील्ड यांचा ग्रंथ उभा आहे, आणि जगभरचे अभ्यासक आजही त्यावर विसंबतात. केंब्रिजमध्ये तिसऱ्या वयाचं विद्यापीठ आकाराला आलं तेही याच सुमारास.

आपल्याकडं अशा कामाला तोटा नाही. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधून पडले आहेत. घरोघरीच्या ट्रंकांत आहेत ते वेगळेच. मोडी वाचणारे मोजके. काही वर्षांपूर्वी मोडीच्या एका वर्गात मी काही दिवस पाहुणा म्हणून बसत असे. वीसेक जण होते, निम्म्याहून अधिक निवृत्त. बँकेत आयुष्य काढलेल्या एक बाई आकडे सगळ्यांच्या आधी लावायच्या, आणि एक निवृत्त सर्कल इन्स्पेक्टर 'चावर', 'बिघा', 'पांड' हे शब्द मास्तरांनाच समजावून द्यायचे. शेवटच्या दिवशी बाईंनी पिशवीतून माहेरचा एक कागद काढला. आजोबांच्या वेळचा, कडा झिजलेला. सगळ्यांनी मिळून साडेचार ओळी लावल्या. पाचव्या ओळीतल्या एका नावावर वर्ग अडला. कुणी 'सखो' म्हणे, कुणी 'लखो'. बाईंनी तो कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला, मास्तरांच्या हाती दिला आणि सांगितलं, पुढच्या बुधवारपर्यंत तुमच्याकडेच असू द्या.